साठीनंतरची पंचविशी

आमच्या शहापुरात चार बायका एकत्र बसल्या की पूर्वी मुलांचे दहावीचे टक्के निघायचे. ती मुलं आता टक्कल पडायच्या वयाला आली. त्यामुळे टक्क्यांची जागा थायरॉइडच्या गोळीनं घेतली आहे. हळदीकुंकू असो, बचत गटाची बैठक असो, नाहीतर आसनगाव स्टेशनवरचा बाक असो, विषय फिरून फिरून तिथंच येतो. “तुझी कितीची?” “पंच्याहत्तरची. तुझी?” “शंभरची केली डॉक्टरांनी.” शंभरवालीला लगेच सरकून जागा दिली जाते. पन्नासवालीला निदान ‘अगं बाई’ तरी मिळतं. माझी पाळी आली तेव्हा मी “पंचवीस” म्हटलं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर जमलेली काळजी एकदम उतरली. एक जण म्हणालीसुद्धा, “पंचवीस म्हणजे काही नाहीच हो, बाई. नुसतं नावाला दिलंय.”

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात काढली. त्यामुळे निवृत्तीनंतरही सगळा गाव मला ‘बाई’च म्हणतो. आयुष्यभर इतरांना मार्क दिलेल्या माणसाला स्वतःला कमी मार्क पडले की जरा लागतं, हे मी लपवत नाही. त्यातून माझी तक्रार चांगली दणदणीत होती. वैशाखात शहापूरला दुपारी कौलांखाली बसवत नाही, पत्र्याखाली तर विचारूच नका. त्या दिवसांत मी पंखा बंद करा म्हणून घरात भांडत होते. यांना वाटलं, मी वीजबिल वाचवतेय, म्हणून ते पहिले चार दिवस खूशच होते. मग मी रात्री शाल काढली, तेव्हा त्यांना शंका आली.

बाकीचं सगळं इतकं हळू आलं की ते आलं हे कळलंच नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा आवाज घोगरा झाला. टाचा फुटल्या, केस कंगव्यात राहू लागले. देवघरातून स्वयंपाकघरात जाईपर्यंत कशासाठी निघाले हे विसरायला व्हायचं. चेहरा सुजला, तर लोक म्हणायचे, “बाई, निवृत्ती मानवली बरं का!” आता सुजेचं कौतुक होत असेल तर माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल? थकवा तर होताच, पण बाईमाणसाचा थकवा हा आजार धरायची पद्धत आमच्याकडे नाही. तो वयात धरतात, नाहीतर स्वभावात. थायरॉइडची ग्रंथी मंदावण्याचं प्रमाण बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतं. भारतातल्या आठ शहरांतल्या मोठ्या माणसांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा दर दहांतल्या एकाहून थोड्या जास्त लोकांची ग्रंथी मंद निघाली. त्या आठांत मुंबई होती, शहापूर नव्हतं. आमच्या तालुक्यातलं पाणी मुंबईला मोजून जातं, पण आमच्या गळ्यांची मोजणी अजून कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

शेवटी रक्त दिलं. आणि रिपोर्टनं घरात नवाच घोटाळा केला. टीएसएच वाढलेलं होतं. माझी मुरबाडची धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “ताई, वाढलंय म्हणजे थायरॉइड जास्त झालाय. मग गोळी कसली घेतेस? कमी कर ना तो.” तिला समजवायला मला फळा-खडू हवा होता. टीएसएच हे गळ्यातल्या ग्रंथीचं रसायन नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी सोडते, गळ्यातल्या ग्रंथीला कामाला लावण्यासाठी. ग्रंथी ढिली पडली की पिट्यूटरी त्याचा जोर वाढवते. म्हणून आकडा वर म्हणजे काम खाली. बहीण थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “हे उलटं गणित कोणी काढलं गं?”

आता पंचवीसचं. डॉक्टरांना मी सरळच विचारलं, की एवढीशीच का? त्यांनी शांतपणे सांगितलं, की ग्रंथी मंद असते तेव्हा सगळं शरीर मंद चालतं आणि हृदयही त्या चालीला सरावतं. त्याला एकदम पुरी मात्रा दिली तर ते अचानक जोरात पळायला लागतं आणि जास्त प्राणवायू मागतं. तरुण, धडधाकट माणसाला ते झेपतं. साठी ओलांडलेल्याच्या रक्तवाहिन्यांत आत काय साठलंय हे बाहेरून दिसत नाही. मग छातीत दुखणं, ठोके चुकणं, असे प्रकार होऊ शकतात. म्हणून वय झालेल्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना पंचवीसनं, कधी कधी साडेबारानंही सुरुवात करतात आणि पायरी पायरीनं चढवतात. म्हणजे पंचवीस हा माझ्या दुखण्याचा अपमान नव्हता, माझ्या हृदयाचा मान होता. हे मला फार आवडलं. बचत गटात सांगायला तर फारच.

त्याच वेळी शंभरवालीच्या मानाचंही रहस्य कळलं. ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली असेल तर पुरी मात्रा वजनावर ठरते, किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास. म्हणजे जिला आम्ही सरकून जागा देत होतो, तिच्या शंभरातला निम्मा मान तिच्या वजनाचा होता. जागाही तेवढ्यासाठीच लागत होती. हे मी बैठकीत बोलले नाही, कारण मला पुढच्या संक्रांतीला वाणही हवं आहे.

मायक्रोग्रॅम म्हणजे काय, हे पाचवीच्या पोरांना शिकवावं लागत नाही, म्हणून मीही कधी त्याचा नीट विचार केला नव्हता. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले की त्यातला एक. पंचवीसच्या गोळीत असे पंचवीस. बाकीची गोळी म्हणजे नुसता भराव, नाहीतर औषध चिमटीत सोडा, नजरेतही धड येणार नाही. मी कागदावर गणित मांडलं. सोनाराकडची एक गुंज म्हणजे ग्रॅमचा साधारण आठवा भाग. एवढं औषध रोज पंचवीसच्या हिशेबानं घेतलं तर एका माणसाला तेरा वर्षं पुरेल. अख्खा ग्रॅम घेतला तर शंभर वर्षं उलटतील आणि तरी वर उरेल. यांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग एवढ्याशासाठी एवढी मोठी बाटली कशाला?”

खरी गंमत पुढं सुरू झाली. आमच्या भागात औषधानं लागलीच काहीतरी करून दाखवायला हवं असतं. डोळखांब, किन्हवली, शेणव्याकडून माणसं तालुक्याला येतात ती एसटीचं भाडं मोडून. त्यांना जाताना दंडावर बोळा दाबून जायचं असतं. सलाईन लागलं तर आणखी बरं, ते घरी जाऊन सांगता येतं. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींनी माझी चौकशी केली आणि म्हणाल्या, “नुसती गोळी? सुई नाय मारली? मंग डागदर कसला त्यो?” आणि मला सगळ्यात नवल याचं वाटतं, की हा तालुका एरवी वाट पाहण्यात कुणाला हार जाणार नाही. तानसा, वैतरणा, भातसा, सगळी धरणं आमच्या उशाशी, आणि एप्रिल उजाडला की पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लावून बसतात. एसटीची वाट पाहतो, कसारा लोकलची पाहतो, मृगाची पाहतो. फक्त गोळीची वाट पाहायला आमच्याकडे वेळ नाही.

आणि ही गोळी तर वाट पाहण्यासाठीच जन्मलेली. तिचं शास्त्रीय नाव लेव्होथायरॉक्सिन. ग्रंथी जे रसायन तयार करते तेच, फक्त कारखान्यात बनवलेलं. शरीरात गेलेली मात्रा निम्मी व्हायला साधारण एक आठवडा लागतो. म्हणून आज घेतली आणि उद्या उठून बसले असं होत नाही. रोजचं थोडं थोडं साठत साठत पाच-सहा आठवड्यांनी पातळी स्थिर होते. तोपर्यंत रक्त तपासून काही कळत नाही, म्हणूनच डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी बोलावतात. याची चांगली बाजूही आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली म्हणून आभाळ कोसळत नाही.

पण सहा आठवडे मनाला कोण थांबवणार? पहिल्या काही दिवसांत घरात जे जे घडलं ते गोळीनं घडलं. झोप लागली, गोळीमुळे. झोप लागली नाही, तेही गोळीमुळे. जिना चढताना छातीत धडधडलं तर मी मधल्या पायरीवर थांबून नाडी मोजायची, आणि वरून यांचा आवाज यायचा, “आज काय, लागू पडली का?” गुडघा दुखायचा थांबला तर मी श्रेय गोळीला दिलं. मग तो पुन्हा दुखू लागला, तेव्हा ते परत घ्यावं लागलं. गुडघ्याचा आणि गोळीचा काही संबंध नव्हता. एका सोमवारी तर मला इतकं हलकं वाटलं, की मी माळा आवरायला घेतला. मंगळवारी उठवेना.

हे वरखाली होणं काही जणींना फार होतं, आणि गोळी खोटी की काय अशी शंका येते. त्याचंही कारण आहे. बाहेरून थोडं रसायन मिळायला लागलं की पिट्यूटरी आपला हुकूम जरा सैल करते, आणि गळ्यातली उरलीसुरली ग्रंथी आपलं काम थोडं कमी करते. घरात नवी सून आली की पहिल्याच आठवड्यात सासू पोळपाटावरून उठते, तसं. सून चार भाकऱ्या करते, सासूच्या चार कमी होतात, आणि टोपलीत पाहावं तर भाकऱ्या तेवढ्याच. मग घरचे म्हणतात, सून आणून फरक काय पडला? फरक पडतो, पण सुनेचा हात वाढवावा लागतो. तो सहा आठवड्यांनी रिपोर्ट पाहूनच वाढवायचा, शेजारणीच्या सल्ल्यानं नाही.

सल्ल्यांची तर मला वर्गवारीच करावी लागली. पहिला सल्ला मिठाचा: “आयोडीनचं मीठ जास्त खा.” आयोडीन कमी पडून गलगंड होतो हे खरंच आहे. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६पासून डॉ. रामलिंगस्वामींनी केलेलं काम त्यासाठीच गाजलं, आणि आयोडीन न घातलेलं मीठ खाण्यासाठी विकायला २००६पासून देशभर बंदी आहे. पण माझं दुखणं कांगड्याचं नाही. बहुतेक बायकांसारखं माझंही दुखणं शरीरानं आपल्याच ग्रंथीशी मांडलेल्या वैराचं आहे. १९१२ साली हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी ते प्रथम लिहून ठेवलं, म्हणून त्यांचंच नाव त्याला पडलं. तिथं मीठ जास्त खाऊन फक्त रक्तदाब वाढेल. दुसरा सल्ला कोबी बंद करण्याचा. शिजवलेला कोबी चारचौघांएवढा खाल्ला तर काही बिघडत नाही. तिसरा सल्ला मात्र आमच्या मातीतला होता. पावसाळ्यात बाजारात बांबूचे कोंब येतात, ते टाळण्याचा. त्यांत थायरॉइडच्या आड येणारी द्रव्यं असतात, हे खोटं नाही. पण आमच्याकडे ते भिजवून, उकळून, पाणी टाकूनच करतात, आणि त्यानं ती बरीच कमी होतात. ही रीत घालून देणाऱ्या ठाकूर बायकांनी कुठलंही मासिक वाचलेलं नव्हतं.

आता चहा. ज्याला या उपचारातलं खरं दुखणं कुठं आहे हे समजून घ्यायचं असेल त्यानं एवढा परिच्छेद सावकाश वाचावा. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही नाही. काही नाही म्हणजे चहासुद्धा नाही. डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की ते घरी चहा पीत नसावेत असा मला संशय आला. आमच्या घरी पहाटे पाचला गवती चहा आणि आलं घालून आधण ठेवलं जातं. चहा झाल्याशिवाय नळाला पाणी आलं तरी कुणी ते भरत नाही, आणि देवही नंतरच उठतात. पण दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच अडवतं, आणि एवढ्याशा औषधातलं थोडं जरी वाया गेलं तरी हिशेब चुकतो. मग मी पाचला गोळी घेऊन, त्यांचा चहा करून, त्यांच्यासमोर बसून तो त्यांना पिताना पाहू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं टक लावून मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. ते दोन दिवस लाजले. तिसऱ्या दिवसापासून आपण होऊन कप घेऊन ओट्यावर जायला लागले. आता दोघांचाही चहा उशिरा होतो. हा त्यांच्या बाजूनं फार मोठा त्याग आहे आणि ते तो रोज बोलून दाखवतात.

माझं ठीक आहे, मी निवृत्त आहे. शेअर रिक्षानं आसनगाव गाठून पहाटेची लोकल पकडणाऱ्या बायकांनी काय करावं? डबा भरायचा, मुलं उठवायची, आणि गोळीनंतर तासभर थांबायचं? अशांसाठी एक वाट आहे. ती डॉक्टरांना विचारून घ्यावी. रात्री झोपताना गोळी घेतली तरी चालते, मात्र जेवण होऊन तीनेक तास झालेले हवेत. २०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं, तेव्हा रात्री घेणाऱ्यांचं टीएसएच उलट जास्त चांगलं आलं. आमच्या घरी हे जमण्यासारखं नाही, कारण आठला जेवून साडेनवाला आम्ही घोरतो. ज्यांच्या घरी जेवण होऊनही बारापर्यंत मालिका चालतात, त्यांना या निमित्तानं त्यांचा काही उपयोग होईल. गुडघ्यासाठी घेत होते ती कॅल्शियमची गोळी मला दुपारवर ढकलावी लागली, कारण कॅल्शियम आणि लोह या दोन्ही गोळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. आणि बाटली गॅसच्या वरच्या फळीवरून हलवली. पावसाळ्यात जिथं बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तिथं मायक्रोग्रॅमचं काय होईल?

कधी कधी या सगळ्याचा कंटाळा आला की मी पहिल्या पेशंट बाईंची आठवण काढते. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरनं ग्रंथी बंद पडून सुजलेल्या, मंदावलेल्या एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. त्या बऱ्या झाल्या आणि १९१९पर्यंत, चौऱ्याहत्तरीपर्यंत जगल्या. तेवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी आठशे सत्तरहून जास्त मेंढ्या लागल्या. १८९२ साली इकडे तानसाचं पाणी मुंबईला जायला लागलं आणि तिकडे डॉक्टरांनी ग्रंथी टोचण्याऐवजी सरळ खायला द्यायला सुरुवात केली. बारीक चिरून, तुपातेलात जरा परतून. शेजारच्या मुरबाड तालुक्यात पौषात म्हसोबाची म्हशाची यात्रा भरते. तिथला गुरांचा बाजार आणि घोंगड्या लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहेत. आजही मेंढीवरच काम भागत असतं तर आमच्या बचत गटानं तिथं अख्खा कळप ठरवला असता आणि शंभरवालीनं चार मेंढ्या जास्त मागितल्या असत्या. पुढं १९१४ साली अमेरिकेत केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ साली इंग्लंडमध्ये हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं, आणि कालांतरानं मेंढ्या सुटल्या.

मात्र हे हळूहळूचं कौतुक माझ्यासारखीपुरतंच. नवजात बाळाची ग्रंथी जन्मतः काम करत नसेल तर तिथं पंचवीस-पन्नासची पायरी नसते. मेंदूची वाढ थांबू नये म्हणून उपचाराच्या पहिल्या दिवसापासूनच, वजनाच्या मानानं मोठ्यांच्या कितीतरी पट मात्रा देतात. गरोदर बाईलाही थांबवत नाहीत, कारण पहिले काही महिने पोटातलं बाळ आईच्याच थायरॉइडवर जगतं. घरात सून-लेक गरोदर असेल आणि ती आधीपासून गोळी घेत असेल, तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना सांगायला हवं. तिथं सबुरीचे धडे देणाऱ्या बाईला घराबाहेर काढावं.

माझा दुसरा रिपोर्ट आला. टीएसएच उतरलं होतं, पण पुरतं नाही. डॉक्टरांनी साडेसदतीस केली. मेडिकलवाल्यानं विचारलं, “बाई, साडेसदतीसची वेगळी देऊ, की पंचवीसचीच दीड घ्याल?” आयुष्यभर पूर्णांक-अपूर्णांक शिकवले, पण सुरीनं कधी केले नव्हते. मी वेगळी घेतली. पंखा आता एकवर चालतो. शाल कपाटात गेली आहे. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जात नाही, मधल्या रांगेपर्यंत जातो.

तुमच्या हातात नुकतीच अशी लहान आकड्याची बाटली आली असेल तर माझ्या हिशेबावर तुमचा डोस ठरवू नका, आणि शंभरवालीच्या तर मुळीच नाही. छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे पडले, तर सहा आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बाकी कशालाही थोडा दम धरा. आणि आमच्याकडे चहाला यायचं असेल तर जरूर या, पण साडेसहानंतर.